भातखाचराखालची वाळू

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर सेंदाईचे मैदान आहे. तिथल्या भातखाचरात खड्डा खणला, की त्याच्या भिंतीत काळपट चिखलमातीमधून गेलेला वाळूचा फिकट पट्टा दिसतो आणि त्याच्या थोडा वर करड्या-पांढऱ्या राखेची पातळ रेघ. राख तोवादा ज्वालामुखीच्या ९१५ सालच्या उद्रेकातली आहे. म्हणजे वाळू त्याआधीची. ८६९ साली, जोगान काळात, मोठा भूकंप होऊन समुद्र मैदानात शिरला आणि हजारभर माणसे बुडाली, अशी नोंद जपानी दरबाराच्या इतिहासग्रंथात आहे. ही वाळू त्याच त्सुनामीने आणलेली.

साधी लाट काही सेकंदांत फुटून मागे फिरते. त्सुनामीचे पाणी मात्र कित्येक मिनिटे एकाच दिशेने आत येत राहते आणि वाटेतली पुळण, वाळूच्या टेकड्या, क्वचित जवळचा समुद्रतळही खरवडून सोबत घेते. सपाट जमिनीवर पसरताना त्याचा वेग मंदावतो, तेव्हा जाड कण आधी बसतात, बारीक कण नंतर आणि पाणी थबकल्यावर उरलेला गढूळ चिखल सर्वांत वर सायीसारखा धरतो. थराची खालची कड सुरीने कापल्यासारखी असते आणि उखडलेल्या शेतमातीची ढेकळे वाळूतच अडकलेली सापडतात. वादळी लाटाही वाळू आणतात, पण त्यांचा थर बहुधा किनाऱ्यालगतच संपतो. वाळूत समुद्रातल्या डायटम शैवालांची कवचे मिळाली तर पुरावा भक्कम होतो. ती मिळाली नाहीत म्हणून त्सुनामी नाकारता मात्र येत नाही, कारण पुष्कळदा वाळू पुळणीवरचीच असते.

वाळू कुठवर पोहोचली यावरून पाणी कुठवर आले असेल, ते ठरवत आणि त्या काळची किनाररेषा आजच्यापेक्षा आत होती हे लक्षात घेऊन, संशोधकांनी जोगान भूकंपाची तीव्रता किमान ८.४ च्या आसपास मांडली होती. या अभ्यासाचा पुरेसा उपयोग होण्याआधीच ११ मार्च २०११ चा दिवस उजाडला, याची हळहळ आजही वाटते. त्या दिवशीच्या भूकंपाची तीव्रता ९ होती. पाणी मैदानात साडेचार-पाच किलोमीटर आत गेले, पण सलग वाळू सुमारे तीन किलोमीटरांवरच संपली. त्यापुढे फक्त चिखलाचा पातळ लेप होता. वाळूची कड म्हणजे पाण्याची कड नव्हे, हे तेव्हा प्रत्यक्ष मोजून कळले. जुन्या थरांवरून काढलेले आकडे किमान मर्यादाच सांगतात, हे नकाशे आखणाऱ्याने विसरता कामा नये.

अडचण अशी, की तो पातळ चिखल टिकत नाही. नांगरट, मुळे आणि गांडुळे मिळून तो काही वर्षांत खालच्या मातीत कालवून टाकतात. म्हणून वाळू संपते त्याच्याही पुढच्या मातीचे नमुने घेऊन, समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड आणि सल्फेट यांचा अंश त्यात उरला आहे का, हे आता प्रयोगशाळेत तपासले जाते.