पार्श्वभूमी : हिंसक अतिरेकीपणा आणि मुस्लिम मोहल्ल्यांचे काम

डिसेंबर 2015 मध्ये नागपूर विमानतळावर हैदराबादचे तीन तरुण पकडले गेले. श्रीनगरला उतरून पुढे सीमा ओलांडायची आणि आयसिसला मिळायचे, असा त्यांचा बेत होता, असे पोलिसांनी सांगितले. यांतल्या एकाला 2014 मध्येच पश्चिम बंगालमधून परत आणून, समुपदेशन करून घरी पाठवले होते. पुढे 2018 मध्ये एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) त्यालाच पुन्हा अटक केली. समजावणीचा प्रयत्न झाला, तरी तो पुरला नाही. नागपूरच्या मोमिनपुरा, हसनबाग, जाफरनगर भागांत किंवा शेजारच्या कामठीत समजावणीचे काम करणाऱ्यांनी हे प्रकरण नीट अभ्यासावे.

अतिरेकीपणाला मुस्लिम समाजातून होणारा विरोध मात्र जुना आहे. 1977 मध्ये अलिगडला स्थापन झालेली सिमी ही विद्यार्थी संघटना कडवी होत गेली, तेव्हा जमात-ए-इस्लामी हिंद या धार्मिक संघटनेने तिच्यापासून फारकत घेतली आणि 1982 मध्ये एसआयओ ही वेगळी विद्यार्थी संघटना उभी केली. सिमीवर सरकारी बंदी आली ती 2001 मध्ये, म्हणजे जवळपास दोन दशकांनी. 25 फेब्रुवारी 2008 रोजी देवबंदच्या दारुल उलूम या मोठ्या मदरशाने परिषद भरवून दहशतवादाला गैरइस्लामी ठरवले. 31 मे रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर तसाच फतवा जाहीर झाला. त्याच वर्षी 26/11 नंतर मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना बडा कब्रस्तानात जागा नाकारली. जनाज्याचा हक्क नाकारणे ही साधी गोष्ट नव्हे. शेवटी जानेवारी 2010 मध्ये सरकारने गुपचूप दफन उरकले.

फतव्याने धर्माचा आधार काढून घेतला जातो, हे खरे. पण मोबाइलवर एकट्याने व्हिडिओ पाहणाऱ्या पोरापर्यंत तो पोहोचत नाही. तिथे घर आणि मोहल्ला लागतो. 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण आयसिसला मिळायला इराककडे गेले, तेव्हा घरच्यांनीच पोलिसांत तक्रार दिली होती.

मोहल्ल्याला व्यवस्थेशी जोडण्याचा सर्वांत ठोस प्रयोग भिवंडीत झाला. 1984 च्या दंगलीत ते शहर होरपळले होते. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे सुमारे 70 मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत हिंदू-मुस्लिम निम्मे-निम्मे असत. पुढाऱ्यांऐवजी तिथे साधी माणसे बसत आणि नळ, गटार, भांडणे असल्या रोजच्या तक्रारी मांडत. बाबरी मशीद पडल्यावर डिसेंबर 1992 मध्ये भिवंडी शांत राहिली. नागपुरात सणावाराला भरणाऱ्या शांतता समितीच्या बैठकीत तेच ठरावीक चेहरे दिसतात. तिच्यातून हे काम होणार नाही. ओळख आधी झालेली असावी लागते.

समजावणीत ठरावीक चुका होतात. मुलाला ठाण्यात बसवून मौलानांकडून व्याख्यान दिले, की मौलाना त्याला सरकारी माणूस वाटतात. कुराणातली जी आयत (वचन) संदर्भ तोडून त्याला पाठवली गेली, तीच पुढे-मागे वाचून दाखवणारा आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार, हवा. 'इस्लाम म्हणजे शांती' एवढ्याने काही होत नाही. आलिमसोबत घरचे एक वडीलधारे, मानसोपचारतज्ज्ञ आणि कामधंद्याची सोय बघणारा माणूस लागतो. पाठपुरावा महिनोन् महिने चालतो. तो थांबला, की जुने संपर्क परत येतात. बातमी मोहल्ल्यात फुटली, तर बहिणीचे लग्न अडते, आणि पुढचे घर गप्प राहते.

गप्प राहण्याचे याहून मोठे कारण म्हणजे चुकीच्या अटका. 2006 च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या नऊ मुस्लिमांना न्यायालयाने 2016 मध्ये आरोपमुक्त केले, त्यातही एकजण तोवर वारला होता. आपल्या मुलाची खबर देणाऱ्या बापाला पोरगा दहा वर्षे आत जाण्याची भीती वाटत असेल, तर तो ठाण्याची पायरी चढणार नाही. तक्रार दिल्यावर पहिल्या आठवड्यात काय होईल, गुन्हा कधी दाखल होतो आणि कधी नुसती समजावणी होते, वकील कोण देणार, हे ठाणेदाराने आणि मशिदीच्या कमिटीने एकत्र बसून लोकांना आधीच सांगायला हवे, आणि तेही उर्दू व मराठी दोन्हींत.