टायरच्या भेगा आणि त्यांची दुरुस्ती
जुन्या टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) किंवा ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाच्या) खाचांत बारीक चिरा पडतात त्यांना टायरच्या भेगा म्हणतात. गाडी किती पळाली यापेक्षा किती वर्षं उन्हात उभी राहिली यावर त्या जास्त ठरतात, म्हणून घोडबंदर रोडच्या सोसायटीत ओपन पार्किंगला पडून असलेल्या, फक्त रविवारी निघणाऱ्या कारचा ट्रेड नव्यासारखा असतो पण साइडवॉल भेगाळलेली, आणि वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारात रोज येणाऱ्या ट्रकचे टायर भेगा पडायच्या आधीच घासून संपतात.

मुख्य कारण ओझोन. टायरच्या रबराच्या रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध असतात, हवेतला थोडासा ओझोनसुद्धा ते तोडतो आणि रबर जिथे ताणलेलं असेल तिथे चीर उघडते. हवा कमी असेल तर ताण अजून वाढतो, ऊन रबर कडक करतं ते वेगळंच. हे टाळायला कंपन्या रबरात मेण आणि ६पीपीडीसारखी रसायनं घालतात, ती आतून हळूहळू वर येत राहतात, पण टायर फिरला-दबला तरच नीट येतात. जुना टायर तपकिरी दिसतो तो बऱ्याचदा यामुळेच, आणि लोक मळ समजून तेच घासून काढतात!

दुरुस्ती म्हणाल तर खरी दुरुस्ती नाहीच. पंक्चरवाल्याचं सोल्युशन किंवा काळं पॉलिश लावून चीर झाकली जाते, सांधली जात नाही, चाक दबायला लागलं की वरचा थर सुटतो. सॉल्व्हंटवालं पॉलिश तर उरलंसुरलं मेणही धुऊन नेतं. हातगाडीला चालेल, ठाणे-बेलापूर रोडवर ऐंशीने जाणाऱ्या गाडीला नाही. रिट्रेड करूनही, म्हणजे जुन्या टायरवर नवा ट्रेड चढवूनही, फक्त ट्रेड नवा होतो, साइडवॉल जुनीच राहते.

चिरा केसासारख्या वरवरच्या असतील तर हवा बरोबर ठेवून, गाडी अधूनमधून फिरवून, सावलीत लावून नजर ठेवायची. चिरेत दोरा किंवा तार दिसली, फुगा आला, की टायर बादच. मिशेलिन ही टायर कंपनी सांगते की पाच वर्षं वापरल्यावर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि १० वर्षांचा झाला की कसाही दिसला तरी बदला. वय साइडवॉलवरच्या चार आकड्यांत असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सेकंडहँड टायर घेताना चकाकी नको, हे आकडे बघा. ते बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आतल्या बाजूला गेले असतील तर मोबाइल गाडीखाली घालून फोटो काढावा लागतो.