कोच नाव सुचवतो, पण कुठल्या संघासाठी?

मिशिगनहून बहिणीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “दादा, कोच म्हणाले, ह्याचं नाव मी कॉलेज टीमला सुचवतो!” भाचा सहा वर्षांचा असल्यापासून आइस हॉकी खेळतोय. पहाटे साडेपाचला रिंकवर हजर, परतताना गाडीतच पोळीची गुंडाळी, मागच्या सीटवर ओल्या ग्लव्हजचा वास. अकरा वर्षांत त्याने सराव बुडवला असेल तो अगदी मोजक्या वेळा. आनंद मलाही झाला. मी विचारलं, “कुठल्या टीमला?” ती म्हणाली, “अरे, कॉलेजच्या!”

अडचण इथेच आहे. अमेरिकेत ‘कॉलेज हॉकी’ ह्या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी चालतात. एक व्हर्सिटी हॉकी, म्हणजे एनसीएए ह्या कॉलेज खेळांच्या देशव्यापी संघटनेच्या नियमांखालची. दुसरी क्लब हॉकी, जिचा मोठा भाग १९९१ मध्ये स्थापन झालेल्या एसीएचए ह्या क्लब हॉकीच्या संघटनेकडे आहे. छातीवर कॉलेजचं नाव तेच, रंग तेच. अ‍ॅरिझोना स्टेटसारख्या विद्यापीठात तर व्हर्सिटी आणि क्लब असे दोन्ही संघ आहेत. घोळात भर म्हणून ‘डिव्हिजन वन’ हे सर्वात वरच्या गटाचं नावही दोन्हीकडे आहे. एनसीएएचं डिव्हिजन वन आणि एसीएचएचं डिव्हिजन वन ह्यांत मोठी दरी आहे, पण मंडळाच्या गणपतीत कुणी “आमचा मुलगा डिव्हिजन वन खेळतो” म्हणालं तर ऐकणाऱ्याला ती कळायची सोय नाही.

व्हर्सिटी संघ कॉलेजच्या क्रीडा विभागाचा असतो. कोच पगारी, प्रवास आणि साहित्याचा खर्च कॉलेजचा, आणि डिव्हिजन वनमध्ये बहुतेक ठिकाणी शिष्यवृत्तीची शक्यता. आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी आठ जुनी नामांकित विद्यापीठं मात्र खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, आणि एनसीएएच्या डिव्हिजन थ्रीमध्येही ती नसते. क्लब संघाचं बहुतेक ठिकाणी उलट. तो विद्यार्थ्यांचा उपक्रम म्हणून चालतो, बर्फाचं भाडं, बस आणि रेफ्रींचा खर्च खेळाडूंच्या वर्गणीतून निघतो, आणि ती वर्गणी वर्षाला हजारो डॉलरही होऊ शकते. म्हणून क्लब म्हणजे हौशी गंमत असं मात्र समजू नये. चांगल्या क्लब संघातली मुलं जीव तोडून खेळतात आणि राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी झगडतात.

आता शिफारशीकडे येऊ. ‘कोचने शब्द टाकला’ हे आपल्या कानाला जरा वशिल्यासारखं ऐकू येतं: साहेबांनी सांगितलं, काम झालं. व्हर्सिटीत तसं होत नाही. तिथे कोचचा शब्द मुलाला संघात बसवत नाही, तो फक्त कुणाला तरी रिंकवर येऊन मुलाला बघायला लावतो. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये संघ साठीच्या थोडे वर. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या दाव्यात २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना संघात जास्तीत जास्त २६ खेळाडू ठेवता येतात. चार वर्षांच्या शिक्षणात ह्या जागा वाटल्या की वर्षाला एका संघात नवे सहा-सात जण. त्या जागांसाठी अमेरिका, कॅनडा, स्वीडन, फिनलंड अशी सगळीकडची मुलं रांगेत. त्यात ऑगस्ट २०२५ पासून कॅनडातल्या मेजर ज्युनिअर, म्हणजे कॉलेजच्या वयाच्या मुलांच्या सर्वात वरच्या लीगमधल्या खेळाडूंनाही एनसीएएचं दार उघडलं. त्याआधी तिथे खेळलेला मुलगा व्यावसायिक धरला जायचा आणि कॉलेज हॉकीला मुकायचा.

आपल्या घरांत सर्वात जास्त धक्का बसतो तो वयाचा. व्हर्सिटीत पहिल्या वर्षाला येणारा हॉकीपटू पुष्कळदा वीस-एकवीस वर्षांचा असतो. बारावी झाल्यावर तो एक-दोन वर्षं ज्युनिअर हॉकी खेळतो, यूएसएचएल किंवा एनएएचएलसारख्या लीगमध्ये, परक्या गावात, एखाद्या यजमान कुटुंबाकडे राहून. “एक वर्ष वाया” हे आपलं वाक्य तिथे लागू पडत नाही, ते वर्ष म्हणजे त्या वाटेवरचा नेहमीचा टप्पा आहे. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाचा कोच “कॉलेजसाठी बोलतो” म्हणतो, तेव्हा व्हर्सिटीच्या दिशेने त्याचा पहिला फोन बहुतेकदा कॉलेजला जातच नाही, ज्युनिअर संघाला जातो. आईवडील मात्र कॉलेजच्या पत्राची वाट बघत बसतात.

ह्या शिफारशीला मोल येतं त्यामागे एक नियमही आहे. डिव्हिजन वनच्या पुरुष संघाचा कोच मुलाच्या दहावीच्या वर्षातल्या १ जानेवारीपर्यंत त्याच्याशी भरतीबद्दल थेट बोलू शकत नाही. तोपर्यंत मुलाबद्दल जे कळायचं ते त्याच्या संघाच्या कोचकडून. आणि पकवर (हॉकीच्या रबरी चकतीवर) ताबा किती, स्केटिंग किती वेगवान, हे कॉलेजचा कोच स्वतः बघून घेतो. फोनवर विचारण्यासारखं असतं ते बर्फावर चटकन दिसत नाही. बेंचवर बसवलं तर हा तोंड पाडतो का? चौथ्या लाइनवर, म्हणजे सर्वात कमी खेळायला मिळणाऱ्या फळीत टाकलं तर बर्फावरची आपली पाळी तितक्याच जोरात खेळतो का? चूक दाखवली तर पुढच्या आठवड्यात सुधारलेली दिसते का? आईवडील सामन्यानंतर गाठून भांडतात का? इथे खोटं बोलणारा कोच एकदाच बोलतो. पुढच्या वर्षी त्याचा फोन कुणी उचलत नाही, आणि त्याचं नुकसान त्याच्या पुढच्या मुलांना सोसावं लागतं.

क्लब हॉकीत हाच शब्द वेगळं काम करतो. तिथे कोचने नाव सुचवलं तर मुलाला ट्रायआउटआधीच (निवड चाचणीआधीच) ओळख मिळते, कधी कधी जागाही जवळपास नक्की होते. पण कॉलेजात प्रवेश मात्र त्याने बहुतेक ठिकाणी स्वतःच्या गुणांवर मिळवायचा असतो. हा फरक फार महत्त्वाचा आहे. व्हर्सिटीत, विशेषतः अवघड प्रवेशाच्या काही कॉलेजांत, हॉकी कोच प्रवेश कार्यालयाकडे आपल्याला हव्या असलेल्या खेळाडूचं नाव देऊ शकतो. डिव्हिजन थ्रीमध्ये शिष्यवृत्ती नसली तरी काही ठिकाणी हा आधार असतो. क्लबच्या कोचकडे सहसा अशी ताकद नसते. त्याने “ये, तू मला हवा आहेस” म्हटलं म्हणून बाकी अर्ज सोडून दिले तर मुलगा अडकतो.

भाच्यासाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘मेहनती’ हा शब्द. व्हर्सिटीच्या कोचला “मुलगा फार मेहनती आहे” एवढंच सांगितलं तर त्याने फारसं काही होत नाही. तिथे सगळेच मेहनती, मेहनतीवर आणखी काय, हा त्याचा प्रश्न. क्लबच्या कोचला मात्र हेच वाक्य सोन्यासारखं. त्याच्याकडे मुलांना बांधून ठेवायला शिष्यवृत्ती नाही. बर्फ अनेकदा रात्री दहा-अकराला मिळतो, दुसऱ्या दिवशी सकाळी रसायनशास्त्राचा पेपर असतो, आणि वर्गणी घरून येते. फेब्रुवारीच्या थंडीत, हरत चाललेल्या हंगामात, कोण येत राहील हे त्याला माहीत हवं असतं. अकरा वर्षं पहाटे साडेपाचला आलेला मुलगा त्याला नेमका हवा असतो.

दोन वाटांमधली सीमा कायमची नाही. पेन स्टेट विद्यापीठाचा संघ अनेक वर्षं क्लब पातळीवर दबदबा राखून होता. २०१० मध्ये माजी विद्यार्थी टेरी पेगुला आणि त्यांच्या पत्नी किम ह्यांनी व्हर्सिटी हॉकी उभी करायला ८ कोटी ८० लाख डॉलर दिले, २०१२-१३ पासून तो डिव्हिजन वनमध्ये आला आणि २०२५ मध्ये राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत पोचला. अ‍ॅरिझोना स्टेट २०१४ मध्ये क्लबचा राष्ट्रीय विजेता होता आणि २०१५-१६ पासून एनसीएएत गेला, तोही त्याच प्रशिक्षकाबरोबर. ते ग्रेग पॉवर्स स्वतः त्याच विद्यापीठाच्या क्लब संघाचे गोलरक्षक होते. डॅनियल वॉलकॉट लिंडनवुड विद्यापीठाच्या क्लब संघातून खेळला, मग क्युबेकच्या ज्युनिअर लीगमध्ये गेला, २०१४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) घेतलं आणि २०२१ मध्ये टॅम्पा बेकडून तो एनएचएल ह्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा एक सामना खेळला. पण संघ वर चढला म्हणजे आधीची सगळी मुलं वर चढली असं होत नाही, आणि वॉलकॉट अपवाद आहे. त्याच्याकडे बघून घरचे हिशेब मांडू नयेत.

बहिणीला मी एकच गोष्ट सुचवली. कोचना भेटून सरळ विचार: फोन कुणाला करणार, आणि त्या माणसाने ह्याला खेळताना पाहिलंय का? तिला ते उद्धटपणाचं वाटत होतं. गुरूने शब्द दिल्यावर वर प्रश्न कसा विचारायचा? पण ती गेली. कोच अजिबात रागावले नाहीत. उलट त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि नीट सांगितलं: व्हर्सिटीसाठी ह्याचा वेग आज पुरेसा नाही, ज्युनिअर संघाच्या एका ओळखीच्या माणसाला मी उन्हाळी कॅम्पमध्ये ह्याला बघायला सांगेन. दुसरा फोन राज्यातल्याच एका विद्यापीठाच्या क्लब कोचला, आणि तिथे मी मनापासून सांगेन की हा मुलगा घ्या.

त्या रात्री बहीण थोडी रडली. भाचा रडला नाही. त्याने त्या विद्यापीठाचा इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम उघडला, मग क्लबचं सरावाचं वेळापत्रक, आणि मला मेसेज केला: “मामा, प्रॅक्टिस रात्री पावणेअकराला. सकाळी उठायचं नाही!”