पाखंडी आणि भामटा: शिवीचं मूळ वेगळं, शिवीचा नेम वेगळा

'अरे, मी कुठे जात काढली? भामटा म्हणजे लबाड, एवढंच!' असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यात खरंच जात नसते. दुसरीकडे, एखाद्या साध्यासुध्या शिवीचं 'भयंकर मूळ' शोधून ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणारेही असतात. दोघांची गल्लत एकच आहे. शब्द कुठून आला आणि आज तो कुणाला लागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन शब्द शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो.

आधी 'पाखंडी'. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे पंथ, संप्रदाय. त्यात शिवीचा वासही नाही. बाराव्या लेखात तर राजा सांगतो की सगळ्या पासंडांचा मान राखा, आपल्या पंथाची फुशारकी नको, दुसऱ्याच्या पंथाची निंदा नको, जिभेला आवर घाला. नेमका हाच शब्द पुढे धर्मांच्या भांडणात सापडला आणि 'वेद न मानणारा' म्हणून बौद्ध-जैनांना हिणवायला वापरला गेला. आपल्याकडे येईतो त्याचा अर्थ ढोंगी असा झाला. खुद्द अशोकाचं बिरुद 'देवानांप्रिय', तेही संस्कृत व्याकरणात मूर्ख या अर्थाने नोंदवलेलं सापडतं. म्हणजे मूळ चांगलंच वादाचं. तरीही आज कुणी एखाद्या बुवाला पाखंडी म्हटलं, तर शेजारच्या जैन कुटुंबाला त्यात आपला उल्लेख दिसत नाही. त्या नावाने ओळखला जाणारा माणूसच उरलेला नाही.

'भामटा'चं तसं नाही. भामटा नावाचा समाज महाराष्ट्रात आहे, विमुक्त जातींच्या सरकारी यादीत आहे, त्याच यादीत 'राजपूत भामटा' अशी वेगळी नोंदही आहे. ब्रिटिश पोलिसांच्या लेखी भामटा म्हणजे रेल्वेत चोरी करणारा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाना, कुंपणाआडची वसाहत असं सगळं त्याच्यामागून आलं. सोलापूरची वसाहत जुन्या लोकांना अजून ठाऊक आहे. 1952 साली कायदा रद्द झाला आणि हे लोक 'विमुक्त' झाले. शिवी मात्र सुटली नाही. 'बेरड'चीही हीच कथा. 'काय बेरड आहे हा, कितीही बोला!' असं आपण सहज म्हणून जातो, आणि बेरड हीसुद्धा त्याच यादीतली जात आहे.

आधी जात की आधी शिवी, हा काथ्याकूट कोशकारांनी खुशाल करावा. ज्या पोराच्या जातीच्या दाखल्यावर तो शब्द छापलेला आहे, त्याला वर्गात हजेरीनंतर काय ऐकावं लागत असेल, ते त्या उत्तराने बदलत नाही. तो शब्द पुसून टाकणंही सोपं नाही. 'राजपूत भामटा'तला 'भामटा' वगळण्याची मागणी 2023 मध्ये गाजली, आणि विमुक्तांच्या संघटनांनीच तिला विरोध केला. शब्द गेला तर इतर राजपूत त्यांच्या आरक्षणात शिरतील, ही त्यांची भीती. शिवी म्हणून नकोसा आणि सवलतीसाठी हवासा, असं हे त्रांगडं आहे.

न्यायालयासमोरही हा प्रश्न आलेला आहे. 2008 च्या स्वर्ण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका अनुसूचित जातीच्या नावाबद्दल म्हटलं की व्युत्पत्तीतून निघणारा अर्थ पाहून चालणार नाही, वापरातून रूढ झालेला अर्थ पाहायला हवा. अपमानाच्या हेतूने उच्चारलं तर ते नाव अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. मला हा निकाल फार पटतो. 'शब्दकोशात तर साधा अर्थ दिलाय' ही पळवाट त्याने बंद केली. मात्र तो कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता. आपल्याकडचे भामटा, बेरड विमुक्तांच्या यादीत, म्हणून त्यांच्या नावाच्या शिवीला ते संरक्षण नाही.

जात नसलेल्या शिव्यांनाही हीच कसोटी लागते. 'मतिमंद' हा शब्द कुणाला हिणवायला घडवलेला नव्हता. पूर्वीच्या जड, वेडसर शब्दांपेक्षा बरा म्हणून तो वैद्यकीय कागदांवर, शाळांच्या पाट्यांवर आला. मूळ स्वच्छ. पण आज तो मित्राला उद्देशून फेकला जातो, आणि अशा मुलाची आई त्याच बसमध्ये बसलेली असू शकते. 'याला येरवड्याला पाठवा' या पुणेरी विनोदाचंही तेच: मनोरुग्णालय तिथे अजून चालू आहे, रुग्ण आहेत, त्यांचे भेटायला येणारे नातेवाईक आहेत. 'बदमाश'च्या फारसी-अरबी मुळात मात्र वाईट मार्गाने पोट भरणारा एवढंच आहे. त्या नावाचा कुणी समाज नाही, तेव्हा तो बिनघोर वापरा.

भामटा टाळला तर मराठी काही मुकी होत नाही. लबाड, लफंगा, ठकसेन, चालू, लुच्चा, हवं ते घ्या. 'लुच्चा' म्हटल्यावर कुणीतरी सांगेलच की तो 'लुंचित'वरून, केस उपटणाऱ्या जैन मुनींवरून आला. आला असेना. आज त्या शब्दावर कुठल्याही मुनींची ओळख टांगलेली नाही, तेव्हा त्याला 'पाखंडी'च्या पंगतीत बसवायला माझी हरकत नाही.