धावपट्टी सुरक्षा आणि विमानांची जमिनीवरील वाटचाल

विमानाच्या उड्डाणासाठी किंवा उतरण्यासाठी राखलेल्या संरक्षित पट्ट्यात एखादे विमान, वाहन किंवा व्यक्ती चुकीने आलेली असणे, या घटनेला विमानवाहतुकीत ‘रनवे इनकर्शन’ म्हणतात. वेग किंवा दिशा आवरता न आल्याने विमान धावपट्टीबाहेर घसरणे हा वेगळा प्रकार असून त्याला ‘रनवे एक्सकर्शन’ हे नाव आहे. पहिल्या प्रकाराच्या मुळाशी बहुधा यंत्रातील बिघाड नसतो. वैमानिक वाट चुकलेला असतो, सूचना अर्धवट ऐकली गेलेली असते किंवा धावपट्टी मोकळी आहे असे हवाई वाहतूक नियंत्रकाने गृहीत धरलेले असते. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या कोकण किनाऱ्यावर मुंबई, नवी मुंबई, जुहू, चिपी, मोपा, दाबोळी हे नागरी वापरातील विमानतळ आणि रत्नागिरीचा तटरक्षक दलाचा तळ असे बरेच तळ आहेत. त्यांची रचना, वर्दळ आणि ताबा इतका भिन्न आहे की या विषयाच्या जवळजवळ सर्व बाजू या एका किनाऱ्यावर पाहता येतात.

थांब्यापासून धावपट्टीपर्यंत विमान स्वतःच्या चाकांवर जाते ती वाट म्हणजे टॅक्सीवे. तिची मध्यरेषा पिवळी असते, तर धावपट्टीवरील सर्व खुणा पांढऱ्या असतात. रात्री टॅक्सीवेच्या कडांना निळे आणि मध्यरेषेवर हिरवे दिवे लागतात. धावपट्टीच्या कडांचे दिवे पांढरे असतात. काळ्या फलकावरील पिवळे अक्षर आपण कोठे आहोत ते सांगते, पिवळ्या फलकावरील काळे अक्षर पुढची वाट कोणती ते सांगते, आणि लाल फलकावरील पांढरा आकडा समोर धावपट्टी असल्याचा इशारा देतो. धावपट्टीच्या तोंडाशी चार पिवळ्या रेषा आडव्या आखलेल्या असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगीशिवाय पुढे जायचे नसते. तुटक रेषांच्या बाजूने, म्हणजे धावपट्टीवरून बाहेर पडणाऱ्याने, न थांबता त्या ओलांडायच्या असतात. कागदावर ही व्यवस्था निःसंदिग्ध आहे. प्रत्यक्षात मोठ्या विमानाचे पुढचे चाक वैमानिकाच्या आसनामागे असते, त्यामुळे वळणावर त्याला स्वतःला मध्यरेषेच्या पलीकडे जाऊन मग विमान वळवावे लागते. त्याच वेळी रेडिओवरील सूचना ऐकून ती शब्दशः परत म्हणणे, नकाशा पाहणे आणि उड्डाणपूर्व तपासणी उरकणे ही कामेही चालू असतात.

या क्षेत्रातील बहुतेक नियमांमागे एखादा अपघात आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील लॉस रोडिओस विमानतळावर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या विमान कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने वळवलेल्या विमानांनी टॅक्सीवे अडला होता, म्हणून दोन्ही विमानांना धावपट्टीवरूनच उलट जावे लागत होते. धुक्यात पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांकडून सांगितलेला बाहेर पडण्याचा मार्ग मागे पडला आणि केएलएमच्या कप्तानाने परवानगीविना धाव सुरू केली. निर्णायक क्षणी दोन रेडिओसंदेश एकमेकांवर आदळून ऐकू येईनासे झाले. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, अन्यथा ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक आहे. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी दाट धुक्यात एक छोटे जेट विमान आर-५ ऐवजी आर-६ या वाटेने निघाले आणि उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाच्या वाटेत आले. ११८ जणांचा बळी गेला. जमिनीवरील हालचाल दाखवणारे रडार तेथे त्या वेळी चालू नव्हते.

चुकीच्या धावपट्टीवरून उड्डाण घेणे ही याच कुळातील आणखी फसवी चूक आहे. धावपट्टीचे नाव चुंबकीय दिशेच्या अंशांवरून ठरते: २७ क्रमांकाची धावपट्टी साधारण २७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून असते. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे २२ ऐवजी २६ क्रमांकाच्या आखूड धावपट्टीवरून उडू पाहणाऱ्या विमानाला अपघात होऊन ४९ जण दगावले. दिशादर्शकाकडे एकदा पाहिले असते तरी चाळीस अंशांचा फरक दिसला असता. मात्र ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेई येथे वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचे विमान बांधकामासाठी बंद ठेवलेल्या समांतर धावपट्टीवरून निघाले, तेव्हा दिशादर्शक बरोबर दिशाच दाखवत होता. तेथे ८३ जणांचे प्राण गेले.

समांतर वाटांचा हा धोका कोकण किनाऱ्यावर डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्यक्ष दिसला. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या ए-३२० विमानाने धावपट्टीऐवजी टॅक्सीवेवरच उड्डाणासाठी धाव सुरू केली. नियंत्रण कक्षाच्या लक्षात येताच ते थांबवण्यात आले आणि कोणालाही इजा झाली नाही. पेडणे तालुक्यातील सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, वसलेला, जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेला आणि एकच धावपट्टी असलेला हा विमानतळ कोणी गुंतागुंतीचा म्हणणार नाही. सोप्या आराखड्यात चूक होणार नाही, हा समज मात्र या घटनेने खोडून काढला. समांतर टॅक्सीवेही लांब, सरळ आणि रुंद असतो, दिशाही तीच दाखवतो. फरक उरतो तो रंगांचा, रुंदीचा आणि आकड्यांचा, आणि तो मुद्दाम पाहावा लागतो.

मुंबईची अडचण उलट प्रकारची आहे. तेथील ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी सहसा एकीवरच सारा भार असतो. फेब्रुवारी २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या ताफ्यातील हेलिकॉप्टर उतरत असताना धाव घेतलेल्या एअर इंडियाच्या विमानाला उड्डाण सोडून थांबावे लागले. ८ जून २०२४ रोजी एअर इंडियाचे विमान अद्याप २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर धावत असताना मागून इंडिगोचे विमान तिच्यावर उतरले. येथे कोणीही वाट चुकले नव्हते. दोन विमानांतील अंतराचा अंदाज तेवढा चुकला होता. जवळच्या जुहू विमानतळाचा इतिहास तर वेगळ्याच चुकांचा आहे. सांताक्रूझ, म्हणजे मुंबईचा मुख्य विमानतळ, समजून १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. दुसरे विमान धावपट्टीपुढे जाऊन निकामी झाले, पण प्राणहानी झाली नाही.

दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ असून नियंत्रणही नौदलाकडे आहे; लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने तीच धावपट्टी वापरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथे धावपट्टीवर कुत्रा दिसल्याने बंगळुरूहून आलेले विस्ताराचे विमान न उतरता परत गेले. रनवे इनकर्शनच्या व्याख्येत जनावर बसत नाही, पण उतरणाऱ्या वैमानिकाच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये येथेच जेट एअरवेजचे विमान उड्डाणासाठी वळताना गिरकी घेऊन धावपट्टीबाहेर गेले. तो एक्सकर्शनचा प्रकार होता.

कोकणातील चार महिन्यांचा पाऊस या साऱ्यात भर घालतो. ओल्या पृष्ठभागावर दिव्यांची प्रतिबिंबे पसरून रंगीत खुणा पुसट दिसतात, सड्यावर ढग टेकले की नियंत्रण कक्षातून धावपट्टीचे टोक दिसत नाही, आणि गवत वाढले की बुटके फलक झाकले जातात. त्यामुळे रंगकाम, गवतकापणी आणि कुंपणाची डागडुजी ही येथे सुरक्षेचीच कामे ठरतात. तांत्रिक उपायांत जमिनीवरील रडार, कोणत्या धावपट्टीवर आहोत ते वैमानिकाला बोलून सांगणारी यंत्रणा आणि थांबरेषेवरील लाल दिव्यांची रांग, म्हणजे स्टॉप बार, हे प्रमुख आहेत. रेडिओवरून परवानगी मिळाली तरी पेटलेला स्टॉप बार ओलांडायचा नाही, असा नियम आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे विमान परवानगी मिळाल्याच्या समजुतीने धावपट्टीवर जाऊन थांबले आणि उतरणाऱ्या ए-३५० प्रवासी विमानाची त्याला धडक बसली, तेव्हा तेथील स्टॉप बार देखभालीसाठी बंद होता. तटरक्षक दलाचे पाच जण मरण पावले; ए-३५० मधील सर्व ३७९ जण मात्र जळत्या विमानातून बाहेर पडले.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत. दुसरी तयार झाल्यावर दोहोंचा आकडा एकच राहील आणि भेद केवळ ‘डावी’ व ‘उजवी’ दाखवणाऱ्या अक्षराने होईल, त्यामुळे सूचना परत म्हणताना ते अक्षर वगळण्याची मुभा तेथे कोणालाही नसेल.