साडीच्या कुंपणाला रानडुक्कर किती दिवस घाबरतं?

विदर्भात जंगलाच्या कडेकडेनं कुठंही जा, ताडोबाच्या बाजूनं, पेंचच्या, बोरच्या नाहीतर नवेगाव-नागझिऱ्याच्या, शेताभोवती साड्या बांधलेल्या दिसतातच. जुन्या, रंग उडालेल्या, बांबूच्या खुंट्यांना ताणून बांधलेल्या, मधेच एखादी काठाची. नुसत्या शेतालाच नाही, घरामागच्या सांदवाडीलापण हेच कुंपण, कारण चार वांगी, दोन ओळी टमाटर, मांडवावर दोडका नि लवकी, वाफाभर पालक-सांबार (कोथिंबीर), एवढ्यासाठी तारेची जाळी घ्यायला कोणाला परवडते? आणि सगळ्यांची तक्रार पण एकच असते की पहिले आठ-दहा दिवस ही साडी मस्त काम करते आणि महिनाभरात डुक्कर तिच्याच खालून आत शिरतं.

याचं कारण प्राण्याच्या डोक्यात आहे. ते एकदा समजलं की वाडी राखायची पद्धतच बदलते असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी साडी नेमकं काय करते ते बघू. पुष्कळ लोक सांगतात की लाल-केशरी भडक साडी लावा, तिला जनावर भितं. पण डुक्कर, रोही (नीलगाय), हरीण यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन प्रकारच्या. त्यामुळं लाल आणि हिरव्यातला फरक त्यांना आपल्यासारखा कळत नाही, आपल्याला भडक दिसणारी साडी त्यांच्या लेखी मळकट पडदाच. त्यात डुकराची नजर तशीही कमजोर, त्याचा सगळा कारभार नाकावर चालतो. साडी कामाची असते ती वेगळ्या कारणानं. एक तर आतलं काही दिसत नाही, दुसरं ती वाऱ्यानं हलते, फडफडते, आणि तिसरं म्हणजे काल तिथं नसलेली, माणसाच्या वासाची वस्तू आज अचानक उभी असते. यातला आडोसा टिकतो, पण फडफड आणि नवेपणा यांची भीती उतरत जाते.

ती कशी उतरते हे शोधून काढलं एरिक कँडेल नावाच्या शास्त्रज्ञानं, तेही समुद्रातल्या एका मोठ्या गोगलगायीवर, ॲप्लिशिया तिचं नाव. तिला हलकासा स्पर्श केला की ती आपले कल्ले चटकन आत ओढून घेते. पण तसाच स्पर्श परत परत करत राहिलं की दहा-एक वेळात तिचं आक्रसणं मंद होत जातं. कँडेल यांनी दाखवलं की स्पर्श जाणणारी मज्जापेशी पुढच्या पेशीला जे रसायन सोडते तेच कमी कमी सोडायला लागते. म्हणजे ज्या गोष्टीनं काही नुकसान होत नाही तिच्यावर शरीर ताकद खर्च करत नाही. आणि मग त्याच गोगलगायीच्या शेपटीला विजेचा झटका दिला की परत पहिल्यापेक्षा जोरात आक्रसते. स्मृती कशी घडते याच्या या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं.

आता हे सांदवाडीत आणून बघा. बुजगावणं, साडी, बाटल्यांची माळ, रात्रभर एकाच जागी लुकलुकणारा एलईडी, या सगळ्या नुसत्या धमक्या आहेत. डुक्कर रोज येतं, वास घेतं, काही होत नाही, उद्या हातभर जवळ येतं. म्हणून पहिली गोष्ट, पेरल्या दिवशी बुजगावणं उभं करू नका. आपल्याकडं हौसेनं वाफे काढले की लगेच काठीला शर्ट घालून ठेवतात आणि फळ धरेपर्यंत त्याची भीती संपून जाते. खायचा माल तयार व्हायच्या थोडं आधी उभं करा, दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला, शर्ट बदला, साडी इकडची तिकडं करा, एक दिवस दिवा लावा तर दुसऱ्या दिवशी डबा वाजवा. आपल्या गावांत जागलीची जी पद्धत आहे, मळ्यावर बसून रात्रभर हाकारे देणं, ती इतकी वर्षं टिकली याचं कारण हेच आहे, माणूस कधी ओरडतो, कधी दगड मारतो, कधी बॅटरी घेऊन अंगावर धावतो, त्याचा नेम नसतो. पण ही जागल माणसाची झोप नि तब्येत खाते, म्हणून तिला पर्याय शोधायलाच पाहिजे.

पर्याय म्हणजे धमकीच्या मागं थोडी खरी अडचण उभी करणं. कुंपणाला लागून करडईच्या तीन-चार दाट ओळी टाकल्या की काटे टोचतात, आणि टोचण्याची सवय होत नाही. बोरीच्या काट्यांची कुपाटी आपले आजोबा याच्यासाठीच करायचे. जाळी लावायची ऐपत असेल तर ती फूटभर जमिनीत गाडा, कारण डुक्कर सहसा उडी मारत नाही, नाकानं उकरून खालून घुसतं. रोह्याचं उलटं आहे, मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो आणि साधं कुंपण ओलांडून जातो, त्याला उंचीच लागते.

सोलर झटका मशीनचं तत्त्व पण गोगलगायीच्या शेपटीचंच. तारेत साधारण सेकंदाला एकदा हजारो व्होल्टचा झटका जातो पण तो सेकंदाच्या अगदी छोट्याशा भागापुरताच टिकतो, त्यामुळं दुखतं पण जीव जात नाही. डुकराची कातडी जाड नि केसाळ, म्हणून खालची तार त्याच्या ओल्या नाकाच्या उंचीवर पाहिजे, जमिनीपासून वीत-दीड वीत. तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, तेव्हा खालचं गवत सतत काढत राहावं लागतं, आणि निम्मी मशीनं इथंच बंद पडल्यासारखी होतात. हात जोडून एक सांगते, घरातली लाईन थेट तारेला जोडू नका. तो प्रवाह थांबून थांबून येत नाही, सलग वाहतो, स्नायू आखडतात, हात सुटत नाही आणि हृदय बंद पडतं. विदर्भात अशा तारेनं वाघ मेलेत, आणि पहाटे वावरात निघालेली माणसंपण मेलीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं डुक्कर आणि रोही दोघांनाही संरक्षण आहे, परवानगीशिवाय मारणं गुन्हा होतो, हे आहेच, पण कायद्याच्या आधी माणसाचा जीव आहे.

मिरचीच्या धुराबद्दल खूप लोक विचारतात. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या मज्जापेशींवरच्या एका खास ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटतं, तोच ग्राही जो भाजल्याची जाणीव देतो, म्हणून तिखट खाल्लं की आग होते. तो ग्राही शोधला डेव्हिड ज्युलियस यांनी, २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. गोवऱ्यांवर थोडी लाल मिरची टाकली की डुकराच्या नाकातोंडात खरोखर आग होते, नुसती धमकी नाही ही, म्हणून ती साडीपेक्षा जास्त टिकते. वारा मात्र बघा, घरात लहान लेकरू नाहीतर दम्याचं माणूस असेल तर या भानगडीत पडू नका. आणि पोपटाला याचा काही उपयोग नाही. पक्ष्यांतला तोच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट भिवापुरी मिरचीसुद्धा आरामात फोडून खातो. त्याला बारीक जाळीच टाकावी लागते.

वांदरांचा प्रश्न सगळ्यात अवघड. आपल्याकडची काळ्या तोंडाची वांदरं पानं पचवतात, त्यांच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात आणि आतले जिवाणू पाला आंबवतात. म्हणून शेंगा-फळं नसली तरी बरबटीची (चवळीची) कोवळी पानं आणि भोपळ्याचे शेंडे ती सोडत नाहीत. रंगही त्यांना आपल्यासारखेच तीन पेशींनी दिसतात. फटाके, आरसे, प्लास्टिकचा वाघ यांची सवय त्यांना फार लवकर होते, आणि कळपातल्या एकाला कळलं की बाकीची त्याचं बघून शिकतात. घरातला कुत्रा आणि उठून धावणारा माणूस याशिवाय भरवशाचं काही माझ्या पाहण्यात नाही. वाडीच्या बाहेरच्या बाजूला मिरची, हळद लावून मधे लाडकी भाजी ठेवली तर नासधूस जरा कमी होते. आणि गावात कोणी त्यांना केळी-बिस्किटं खाऊ घालत असेल तर कृपा करून थांबवा, आपण हातानं माणसाची भीती घालवतो आणि नुकसान शेजाऱ्याच्या वाडीचं होतं.

किडींकडं वळू, कारण तिथं हीच गोष्ट वेगळ्या रूपात होते. अळी एकटी काही शिकत नाही, पण पिढ्या शिकतात. एकच औषध परत परत मारलं की ज्या दोन-चार अळ्या कशामुळं तरी वाचल्या त्यांचीच पिल्लावळ पुढं वाढते. विदर्भानं हे डोळ्यानं बघितलंय. दोन जनुकांचं बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणारं, २००६ मध्ये आलं, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं त्याच बीटीची बोंडं पोखरून काढली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. ज्या वाडीतली भाजी संध्याकाळी लेकरांच्या ताटात येते तिथं कपाशीचं औषध कधीच मारू नये, हे मी भेटेल त्याला सांगते.

त्यापेक्षा सकाळी दहा मिनिटं झाडाजवळ उभं राहा. वांग्याचं बाकी झाड ताजं आणि एकच शेंडा मान टाकून लोंबतोय असं दिसलं तर तो शेंडा चिरून बघा, आत गुलाबीसर अळी निघेल. हीच अळी पुढं वांग्यात शिरते आणि आत गेल्यावर कुठलंच औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. शेंडा जरा खालून खुडून साबणाच्या पाण्यात टाकला की झालं. बरबटीच्या शेंगांवर काळा मावा चिकटलेला असतो तिथंही नीट बघा, मुंग्यांची रांग दिसेल. मावा रस पितो आणि मागून गोड चिकटा सोडतो, तो खायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) हाकलून लावतात. म्हणजे मुंग्या वेलावर चढू दिल्या नाहीत तरी अर्धं काम होतं. ढालकिड्याची अळी काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची असते, दिसायला अगदीच वेगळी, त्यामुळं लोक तिलाच कीड समजून चिरडतात. ती दिसली की फवारणीचा पंप बाजूला ठेवा.

फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवायच्या, अर्धा किलो कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळून एकूण दहा लिटर पाणी करायचं आणि थोडा साबण घालायचा. यातलं ॲझाडिरॅक्टिन अळीचं खाणं बंद पाडतं आणि तिला कात टाकू देत नाही. उन्हात ते लवकर नासतं, म्हणून फवारणी संध्याकाळचीच. मला सगळ्यात आवडलेला प्रयोग याच्यावरच आहे. माव्याच्या एका जातीला चाळीस पिढ्या नुसतं शुद्ध ॲझाडिरॅक्टिन दिलं तर तिच्यात प्रतिकार तयार झाला, पण कडुनिंबाच्या बियांचा अख्खा अर्क दिलेल्या माव्यात झाला नाही. अर्कात एकाच वेळी कितीतरी संयुगं असतात, आणि सगळ्यांवर एकदम तोड काढणं किडीला जमत नाही.

राहिली फळमाशी, जी दोडक्याला नि कारल्याला डंख मारून वाकडं करते. तिच्या अळ्या फळातून निघून मातीत शिरतात आणि तिथंच कोष करतात, म्हणून सडकं फळ वेलाखाली पडू देऊ नका, पिशवीत भरून तोंड बांधून उन्हात ठेवा. कामगंध सापळा, म्हणजे वासानं नर माशांना ओढून अडकवणारा, घेताना दुकानात वेलवर्गीय पिकासाठीचं क्यू ल्यूरच मागा. आंब्यासाठीचं मिथाइल युजेनॉल वेगळ्या माशीचं असतं, ते लावलं तर सापळा भरलेला दिसेल आणि दोडका तसाच सडत राहील.