प्लूटोचं ग्रहपद लहान आकारामुळे गेलं का?

‘प्लूटो फारच लहान निघाला, म्हणून त्याला ग्रहांच्या यादीतून काढलं’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. असं वाटणं स्वाभाविक आहे, पण खरं कारण वेगळं आहे.

2006 साली ठरलेल्या व्याख्येत किलोमीटरची अटच नाही. ग्रह सूर्याभोवती फिरावा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोलसर झालेला असावा आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. प्लूटो अडतो तो तिसऱ्या अटीत. नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यात असंख्य बर्फाळ पिंड आहेत आणि प्लूटो त्यांच्यातलाच एक.

आकाराचा अंदाज किती फसवा असतो, ते एरिस या नेपच्यूनपलीकडच्याच दुसऱ्या बर्फाळ पिंडावरून कळतं. 2005 मध्ये सापडला तेव्हा तो प्लूटोपेक्षा मोठा वाटला होता. एवढ्या लांबचा पिंड दुर्बिणीत नुसता ठिपका दिसतो. तेजावरून व्यास काढताना पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो हे गृहीत धरावं लागतं. 4 टक्के धरले की 96 टक्के, यावर व्यासात जवळपास पाचपट फरक पडतो! पुढे एरिस एका दूरच्या ताऱ्याच्या समोरून गेला. तारा किती सेकंद झाकला गेला हे वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजल्यावर व्यास सुमारे 2326 किमी निघाला. प्लूटोचा 2377 आहे. वस्तुमान मात्र एरिसचंच सुमारे 27 टक्क्यांनी जास्त. ते त्याच्या उपग्रहाच्या कक्षेवरून काढलं.

स्वतः पडताळायचं असेल तर सूर्यमालेचा कोणताही तक्ता उघडा. बुधाचा व्यास 4879 किमी, तर गुरूच्या गॅनिमीडचा 5268. तरी बुध ग्रह आहे आणि गॅनिमीड उपग्रह.